आबांचे अकरा ॲ

१ जानेवारी १९७६, गुरुवार

आबा आले. म्हणजे आणले गेले. भाऊजींनी शिरूरहून एस.टी.त घातलं, चौफुल्याला गाडी बदलली आणि दुपारी दीड वाजता आमच्या दारात टेकवलं — "घ्या, आता तुमची पाळी." रेशनची साखर पोचवावी तसं! स्वतः अर्धा कप चहा घेतला आणि निघाले. परतीची गाडी होती ना!

नवी वही आहे म्हणून एकदाच लिहून ठेवते. आबा म्हणजे माझे सासरे. दौंड स्टेशनात पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलायचे, एकतीस वर्षं. गेल्या मे महिन्यात अर्धांग झालं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. सगळे शब्द जाऊन एकच आवाज उरला — ॲ. पाणी हवं तरी ॲ, माशी बसली तरी ॲ. मग दोघा मुलांनी त्यांना वाटून घेतलं. दोन महिने थोरले, म्हणजे साहेबराव भाऊजी, शिरूरला. दोन महिने आम्ही, दौंडला. पाळी म्हणजे पाळी. एक तारीख चुकायची नाही.

आल्या आल्या पाणी दिलं. एक तांब्या संपवला, दुसरा अर्धा. ओठांना चिरा पडल्यात. शिरूरला पाणी नाही असं नाही. नळ आहे दारात! पण मागितलेलं कळायला हवं ना कुणाला.

५ जानेवारी, सोमवार

टायपिंगचं मशीन आलं. इन्स्टिट्यूटमधून भाड्यानं. तीन महिने हे मशीन आणि मी, स्वयंपाकघराच्या दाराशी, पाटावर.

आमचे हे कॉलेजात मराठी शिकवतात आणि पुण्याच्या सरांच्या हाताखाली पीएच.डी. करतात. आमच्या वस्तीतले पहिलेच. विहारात सत्कारसुद्धा झालाय, आगाऊ. विषय: 'ॲ या स्वराचा जगातील भाषांमधील आढळ.' होय, ॲ! बॅटीतला, बँकेतला, हॅटमधला. तीन वर्षं झाली, माणूस ह्या एका ॲच्या मागे हिंडतोय. भिंतीवर जगाचा नकाशा लावलाय. ज्या देशात ॲ सापडला तिथं लाल टाचणी. इंग्लंडात टाचणी, इराणात टाचणी, सिलोनात टाचणी.

नकाशाच्या बरोबर खाली आबांची खाट. आबा दिवसभर ॲ म्हणतात. दौंडात टाचणी नाही!

काखेत कळसा म्हणतात तो हा.

९ जानेवारी, शुक्रवार

आज फिनलंड टाईप केलं. अकरा पानं, चार प्रती, मध्ये कार्बन. मशीनवर ॅ ची खूण अर्धीच उठते, म्हणून प्रत्येक ठिकाणी पेनानं पुन्हा चंद्र काढायचा. चारही प्रतींवर. आज मोजले नाहीत, पण मनगट सांगतंय.

फिनलंडात म्हणे एका शब्दात ॲ आला की आ येत नाही, आणि आ आला की ॲ येत नाही. एका छपराखाली दोघं नांदतच नाहीत. मी ह्यांना म्हटलं, "म्हणजे मी आणि जाऊबाईच की!" हे म्हणाले, "समासात नियम शिथिल होतो, तेवढं घाल खाली." घातलं.

१४ जानेवारी, बुधवार

आज हे माझ्याशी जे बोलले ते सगळं: "चहा." "रिबन बदल." "दार लावून घे." संक्रांत आहे असंही कुणी म्हणालं नाही.

१८ जानेवारी, रविवार

आबांचे आवाज मी ऑक्टोबरपासून नीट ऐकतेय. आधी मलाही एकच वाटायचा. खोटं कशाला बोलू — पहिल्या पाळीत मी दिवस मोजत होते, कधी एकदा एक तारीख येते म्हणून. मग एकदा दुपारी तांदूळ निवडताना लक्षात आलं की मी पाणी घेऊन उठले, आणि त्यांना पाणीच हवं होतं. कुणी सांगितलं मला? कानानं!

मग लक्ष ठेवलं. वहीच्या मागच्या पानावर लिहिलंय. लांब आणि खाली उतरत जाणारा — पाणी. दोन तोकडे, टकटक केल्यासारखे — रेडिओ लावा. नाकातला — भाजीत मीठ नाही (हा मी मुद्दाम उशिरा ऐकते). घशातून खरखरीत — उशी सरकली. हलका, वर उचललेला — कोण आलंय? बिडीचा वेगळा, त्यात लाडीगोडी असते! जायचं असलं, बाहेर ओट्यावर न्या म्हणायचं असलं, तर चढत जाऊन मध्येच तुटतो. राग आला की सपाट आणि मोठा. असे एकूण अकरा. अकरावा त्या कामाचा. तो म्हणताना ते भिंतीकडं बघतात. मी भांडं लावते तेव्हा डोळे मिटून घेतात. मी म्हणते, "आबा, सून म्हणजे लेकच की." डोळे उघडत नाहीत.

मान हलवून उत्तर द्या म्हणून पाहिलं. काही उपयोग नाही. चहा हवा का म्हटलं तरी मान वरखाली, विष देऊ का म्हटलं तरी वरखाली. डॉक्टर म्हणाले, होय-नाहीची गल्लत होते अशा आजारात. डावा हातही सगळ्यालाच उचलतात. आवाज मात्र चुकत नाही.

ह्यांना सांगितलं. हे सिंहलीत होते. सिंहलीत ऱ्हस्व ॲ वेगळा, दीर्घ ॲ वेगळा, अक्षरंसुद्धा निराळी, आणि त्यानं शब्दाचा अर्थच बदलतो — हे मला उत्साहानं समजावलं! मी म्हटलं, "आबांचंही तसंच आहे, लांब वेगळा, आखूड वेगळा." हे म्हणाले, "ती भाषा नव्हे, मुक्ता. तो नुसता ध्वनी."

नुसता ध्वनी! बरं.

२० जानेवारी, मंगळवार

शेजारच्या सोजरबाई बसायला आल्या होत्या. नकाशा बघून म्हणाल्या, "ह्या टाचण्या टोचून मास्तरला काय घावनार हाय?" मी म्हटलं, "डॉक्टर होणार." त्या आबांकडं बघून म्हणाल्या, "मंग म्हाताऱ्याला बरा करंल?" मी हसले. खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. आबांनी विचारलं — हलका, वर उचललेला — कोण आलंय? मी सांगितलं. मग आम्ही तिघंही गप्पा मारत बसलो. तिघंही, होय.

२७ जानेवारी, मंगळवार

पहाटे आबांचं तोंड पुन्हा वाकडं झालं. डॉक्टर आले. झटका हलका होता, सावरले. पण सांगून गेले — ह्या माणसाला एस.टी.त घालायचं नाही, पाळ्याबिळ्या बंद. न्यायचंच झालं तर एकदाच, जीपनं, आडवं झोपवून. आणि मग जिथं असतील तिथंच.

जिथं असतील तिथंच म्हणजे शेवटपर्यंत. तेवढं मलाही कळतं.

२८ जानेवारी, बुधवार

हे आज दिवसभर आबांजवळ बसले. हातात इराणचा कागद होता, पण बसले.

३ फेब्रुवारी, मंगळवार

भाऊजींचं पत्र. अक्षर पंचायत समितीच्या कारकुनाचं, मजकूर राजाचा. "थोरला मी आहे. बापानं धाकट्याच्या घरी डोळे मिटले तर शिरूरात मला तोंड दाखवायला जागा नाही. एक मार्चला जीप घेऊन येतो. आबांना कायमचे नेतो. बायकोची काही हरकत नाही."

बायकोची हरकत नाही! आमच्या जाऊबाई, कस्तुराबाई, घड्याळ बघून पाणी देतात — दहाला एक, दोनला एक, सहाला एक. झाडांनासुद्धा उन्हाळ्यात जरा जास्त घालतात हो! हं, एक मात्र आहे. तिकडं आंघोळ आणि ते सगळं भाऊजी स्वतः करतात, सकाळी हपिसाला जायच्या आधी. कोपऱ्यात पडदा लावलाय म्हणे. दिवसातून एकदा. बाकीचा दिवस आबांनी काय करायचं, ते पत्रात नाही.

लोक काय म्हणतील ते मात्र आहे. दोनदा.

४ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांना म्हटलं, "आबांना पाठवायचं नाही." हे म्हणाले, "दादाचा मान आहे." मी म्हटलं, "मान दादाचा, ओठ आबांचे." हे म्हणाले, "एकतीस मार्चला प्रबंध द्यायचाय. घरात जरा शांतता..."

म्हणजे ॲवर लिहायचंय, म्हणून घरातला ॲ शिरूरला पाठवायचा. वा रे संशोधन! इतकं शहाणपण एका डोक्यात मावतं कसं? मी मशीन आपटलं. 'इ'चा दांडा वाकला. तो मीच सरळ केला, कारण दुरुस्तीला कोण नेणार?

८ फेब्रुवारी, रविवार

अबोला. माझ्या बाजूनं. त्यांच्या अजून लक्षात आलेला नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

अबोला मोडावा लागला. हे मला स्टेशनावर घेऊन गेले! लग्नानंतर आठ वर्षांत आम्ही पहिल्यांदा कुठं फिरायला गेलो ते प्लॅटफॉर्म नंबर दोन. मी कागद धरायचा, त्यांनी लोकांना थांबवायचं. आबांजवळ सोजरबाईंना बसवलं.

दौंड जंक्शन, त्यामुळं सगळा हिंदुस्थान इथं चहाला उतरतो. एका बंगाली बाबूला एक ते पाच मोजायला लावलं. त्यांनी 'एक'ला 'ॲक' म्हटलं आणि आमच्या ह्यांनी त्यांना मिठी मारायची बाकी ठेवली. बाबू बॅग छातीशी धरून मागे सरकले. एक मद्रासी बाई काही केल्या बोलेनात, त्यांना वाटलं आम्ही नसबंदीवाले! मग एक म्हातारे अँग्लो-इंडियन गार्डसाहेब भेटले, इंजिनाच्या शेडमागं राहणारे. ते 'कॅट, रॅट, मॅट' म्हणाले आणि विचारलं, "हाऊ इज युअर फादर? गुड मॅन. नेव्हर मेड अ मिस्टेक." आबांनी एकतीस वर्षांत एकही गाडी चुकीच्या रुळावर घातली नाही, असं सांगत होते. ह्यांनी त्यातला 'मॅन' तेवढा लिहून घेतला.

भिंतीवर सरकारी पाटी होती — 'बातें कम, काम ज्यादा.' आबांना दाखवायला हवी, म्हटलं. तुम्ही तर आधीच सुरुवात केलीय, आबा!

घरी आले तर आबा वैतागलेले. सोजरबाईंनी तीनदा चहा पाजला होता. म्हातारा पाणी मागत होता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

'ज्या भाषांत ॲ नाही' हे प्रकरण संपवलं. स्पॅनिश, इटालियन, जपानी. ह्या लोकांना हा आवाज ऐकूसुद्धा येत नाही म्हणे. त्यांच्या कानाला तो आ किंवा ए वाटतो. ज्याच्या त्याच्या कानाला जे सवयीचं तेच ऐकू येतं, असं ह्यांनी लिहिलंय. छान लिहिलंय. मनापासून सांगते. शिरूरला पाठवावं हे पान, रजिस्टर पोस्टानं.

२२ फेब्रुवारी, रविवार

मीही पत्र टाकलं. पहिल्यांदाच, ह्यांना न विचारता. वडगाव रासाईला हौसरावमामांना — माझ्या सासूबाईंचे भाऊ. सासूबाई गेल्या तरी घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही. लिहिलं: "मामा, एकोणतीस तारखेला या. आबांना कायमचं कुठं ठेवायचं ते ठरतंय. मला आबांचं बोलणं कळतं. मला कुणी विचारत नाही."

टाकून आले आणि मशीनशी बसले. सुनेनं बैठक बोलावली असं म्हणतील. म्हणू देत!

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज दुपारी आबांशी बोलत होते. मी बोलते ते सगळं त्यांना कळतं, माझी खात्री आहे. माझ्या आईचं सांगितलं, मला मूल नाही त्याचं सांगितलं, ह्यांच्या नकाशाचं सांगितलं. आबा ऐकत होते. मधून मधून एकेक ॲ, म्हणजे पुढं काय? असा. हा यादीत नव्हता. बारावा धरायला हवा.

मग म्हटलं, "आबा, तुम्ही काळजी करू नका. मी तुम्हाला जाऊ देत नाही." त्यावर गप्प राहिले. झोप आली असेल.

२९ फेब्रुवारी, रविवार

झालं! सगळं लिहिते, नीट.

भाऊजी दहाला आले, जाऊबाईंना घेऊन. मामांनीच निरोप धाडला होता. जीप उद्यासाठी ठरवून आले होते, ड्रायव्हरला इसारसुद्धा दिलेला. मामा साडेदहाला. "जयभीम" झालं, चहा झाला. मामा नकाशाखाली खुर्चीवर, आबा खाटेवर टेकून. मी नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दाराआड.

भाऊजी म्हणाले, "मामा, थोरला म्हनून माझा हक्क हाय. उद्याच्याला काय झालं तर लोक थुंकतील माझ्या तोंडावर." हे म्हणाले, दादा म्हणतो ते बरोबर आहे. मामा म्हणाले, "आरं, पर दाजींना काय पायजे?" भाऊजी म्हणाले, "आबा काय सांगनार? त्ये ॲ म्हनत्यात." जाऊबाई लगेच, "आमच्याकडं यायचं म्हंत्यात ते. मला कळतंय." हे म्हणाले — आणि हे मी जन्मात विसरणार नाही — "शास्त्रीयदृष्ट्या त्या ध्वनीला अर्थ नाही, मामा."

मी दार ढकलून बाहेर आले. पदर सारखा केला आणि म्हटलं, "आहे. मला कळतो."

सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मशीनच बोललं! मामांनी मिशीवरून हात फिरवला. "कळतंय? मंग बगूया की. जा आत. दार लाव."

मी चुलीशी जाऊन उभी राहिले, पाठ करून. बाहेर जरा खुडबूड. मग आबांचा आवाज, खरखरीत. मी आतून ओरडले, "उशी कुणी काढली?" उशी मामांनीच काढली होती. मग दुसरा आवाज, लाडीगोडीचा. मी म्हटलं, "मामा, बिडी दाखवू नका, डॉक्टरांनी बंद केलीय!" मामा मोठ्यानं हसले. तिसऱ्या खेपेला कुणी काहीच केलं नव्हतं म्हणे, आबा आपणहून बोलले. मी म्हटलं, "खिडकी लोटा, ऊन डोळ्यावर येतंय." भाऊजी उठले आणि त्यांनी स्वतः खिडकी लोटली. आबा गप्प झाले.

दार उघडलं तर हे वही-पेन्सिल घेऊन उभे. "मुक्ता, हे तू आधी का नाही सांगितलंस?" सांगितलं होतं! तुम्ही सिंहलीत होतात!

मामा म्हणाले, "आता हिथं, समोर बस पोरी." खाटेजवळ बसले. मामांनी आबांचा डावा हात धरला. "दाजी, शेवटचं इचारतो. साहेबरावाकडं शिरूरला जायाचं, का हिथं दौंडात ऱ्हायाचं?"

आबा बोलले. मग मामांनी पुन्हा विचारलं, आणि आबा पुन्हा बोलले.

मामा माझ्याकडं वळले. "काय म्हनत्यात?"

मी म्हटलं, "इथंच राहायचं म्हणतात."

"बाबासाहेबांच्या फोटोकडं बघून सांग."

बघितलं. सांगितलं.

"झालं तर मंग," मामा म्हणाले. "मानूस सोता बोल्ला. आता कुनी वर बोलायचं न्हाई."

जाऊबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. भाऊजींनी आबांच्या पायावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. "आबा, मी कुठं कमी पडलो व्हय?" म्हणाले. डोळे पुसत गेले. नाटक बरं जमतं, म्हटलं मनात. दाराशी जाऊन परत आले आणि मला म्हणाले, "पोरी, सकाळी आंघोळीच्या टायमाला पडदा लावत जा. त्यास्नी बरं वाटतं." मी मान हलवली.

आबा माझ्याकडं बघत होते. दमले असतील. इतकी माणसं!

१ मार्च, सोमवार

जीप आली नाही. एक तारीख आणि जीप आली नाही! सकाळपासून तीनदा दारात जाऊन बघून आले.

सोजरबाई म्हणाल्या, "जिकलीस गं बाई."

२ मार्च, मंगळवार

ह्यांना वेड लागायचं बाकी आहे. काल तीन तास, आज चार तास, मला समोर बसवून अकराही आवाज विचारले. लांबी किती, चढतो की उतरतो, नाकातून की घशातून. (बारावा मी सांगितलाच नाही.) आठ वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसानं माझं बोलणं लिहून घेतलं. मध्येच थांबून म्हणाले, "तुझा कान फार चांगला आहे." लाजले, वेडी.

प्रबंधाला पुरवणी जोडणार आहेत. 'एका वाचाहीन वक्त्याच्या वापरातील ॲ: अर्थभेदाची अकरा उदाहरणे.' पुण्याच्या सरांना कळवून झालं. टाईप मीच करायचं, ते सांगायला नको. दौंडात लाल टाचणी लागली, खाटेच्या बरोबर वर.

संध्याकाळी हे पेन्सिल घेऊन आबांजवळ बसले. "आबा, काहीतरी बोला ना. एकदा म्हणा." अर्धा तास बसले. वडिलांजवळ इतका वेळ बसलेलं मी त्यांना आधी एकदाच पाहिलंय. आबा भिंतीकडं बघत राहिले. मी म्हटलं, "थकलेत. उद्या बोलतील."

३ मार्च, बुधवार

नाही बोलले.

४ मार्च, गुरुवार

आबा रविवारी 'जायचं' म्हणाले होते. शिरूरला. स्वच्छ ऐकू आलं मला, दोन्ही वेळा. मी 'राहायचं' सांगितलं. ते गेले असते तर ह्या घरात दिवसभर माझ्याशी बोललं असतं कोण?

रविवारपासून आबांनी तोंड उघडलेलं नाही. पाणी मागायलासुद्धा नाही.